मामा तलावाचा उथळ काठ: एका झेडपी शाळेचा पाणथळ अभ्यास आणि गाळ काढायची मशीन

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक छोटं गाव. नाव लिहीत नाहीये, कारण तलावाच्या ठेक्यावरून आणि बुडीत जमिनीवरून तिथे अजून वाद चालू आहेत आणि त्यात पोरांच्या शाळेचं नाव यायला नको. गावाला एक मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारीच्या काळातला) तलाव, पलीकडे धानाच्या बांध्या, आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याला सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा. मी शेजारच्या केंद्रात विज्ञान शिकवते आणि हा सगळा प्रकार सुरू झाला तेव्हापासून तिथे येत-जात राहिले, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय, कारण पाणथळ शिक्षण म्हटलं की आपल्याकडे अजूनही २ फेब्रुवारीची, म्हणजे जागतिक पाणथळ दिनाची, रॅली आणि चित्रकला स्पर्धा एवढंच डोळ्यासमोर येतं आणि ह्या गावात जे झालं ते फार वेगळं होतं.

थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल, विदर्भाबाहेरच्यांसाठी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग ह्या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत, गोंड राजांच्या काळापासून बांधत आलेले, आणि त्यात कोहळी समाजाचं कसब सगळ्यात मोठं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं आमच्याकडे लहान पोरगंही सांगेल. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे आले. गावाकडे राहिला तो निस्तार, म्हणजे गुरांना पाणी, आंघोळ, धुणं, आणि मासेमारीचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी सोसायटीकडे. तलावाची देखभाल मात्र नेमकी कोणाची हे तेव्हापासून सैल पडलं ते पडलंच.

अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला खूप खटकते. पाणथळ जागांसाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या इतकी मोकळी आहे की नैसर्गिक, मानवनिर्मित, कायमचं, हंगामी, सगळं पाणथळात येतं, धानाची बांधीसुद्धा. पण आपल्या देशातल्या २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे आणि धानशेती वगळली आहे. लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर स्थळ झालं, विदर्भाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, पण आमचे मामा तलाव माणसानं सिंचनासाठी बांधले म्हणून त्या नियमांच्या बाहेर. म्हणजे कागदानं वाचणार नाहीत, गावानंच वाचवायचे. आणि गावाला त्यासाठी तलाव माहीत असायला पाहिजे, रोज दिसतो म्हणून माहीत आहे असं नसतं.

सुरुवात पक्ष्यांपासून झाली आणि तिथेच अडली

शाळेतल्या सरांनी आधी जे सगळे करतात तेच केलं, दुर्बीण मिळवली, पक्ष्यांचा तक्ता लावला. हिवाळ्यात पोरं पाळीवर जाऊन अडई, चांदवा, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी ओळखायला शिकली. छान होतं ते, मी काही नावं ठेवत नाही. पण मार्चमध्ये पाहुणे पक्षी गेले की उपक्रम संपायचा. आणि दुसरं म्हणजे वर्गातली ढिवर मोहल्ल्यातली पोरं ह्यात गप्प असायची, ज्यांच्या घरात तलावाची सगळ्यात जास्त माहिती तीच पोरं मागे उभी. सरांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी सरळ ढिवर मोहल्ल्यात जाऊन दोघातिघी बायांना शाळेत बोलावलं, शिकवायला. त्या आधी यायलाच तयार नव्हत्या. त्यातली एक आजी, झिंगे पकडण्यात आयुष्य गेलेली, शेवटी म्हणाली, "शारेत नाई येत मी, पोट्ट्याईले तलावावर आना." तर वर्गच तलावावर गेला.

तिथे आजीनं पहिल्याच दिवशी जे सांगितलं तेच पुढच्या सगळ्या कामाचं मूळ ठरलं. सर पोरांना पाळीजवळचं खोल पाणी दाखवत होते, आजी म्हणाली, "अवो मास्तर, तुमी खोल पान्याले तलाव म्हनता. मासोरी तं काठावर जल्मते."

हे शंभर टक्के खरं आहे आणि त्यामागचं विज्ञान पोरांना पुढे हातानं करता आलं. रोहू, कतला, मृगळ ह्या मोठ्या मासळ्या तलावाच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. पण मरळ, वाघूर, शिंगूर, झिंगे ही आपली गावठी मंडळी तलावातच वाढतात, आणि त्यांना लागतो गुडघाभर पाण्याचा, वनस्पतींनी भरलेला उताराचा काठ. मरळ झाडोरा बाजूला सारून जागा करते, आणि पिल्लं बाहेर आली की त्यांचा लालसर घोळका पाण्यावर दिसतो आणि खाली आईबाप राखण करत फिरत असतात. पोरांना हा घोळका दाखवल्यावर दोन दिवस वर्गात दुसरा विषयच नव्हता. बाया हे दाखवताना एक गोष्ट पक्की सांगायच्या, घोळका दिसला की त्या जागी जाळं टाकायचं नाही, राखणारी मरळ मारली की सगळी पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात.

हातानं काय काय केलं

सामान सगळं गावातलं. प्लास्टिकचे पांढरे ट्रे, चहाची मोठी गाळणी बांबूला बांधून, काचेच्या बरण्या, भिंग. पाणी किती गढूळ ते मोजायला पत्र्याचं गोल झाकण कापून त्यावर काळा-पांढरा असे चार भाग रंगवले, मधोमध दोरी, दोरीला गाठी. ही सेक्की चकती, १८६५ मध्ये अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्यानं समुद्राचं पाणी किती स्वच्छ हे पाहायला वापरलेली, त्याची मात्र पांढरी होती, पण आजही तळ्या-सरोवरांवर हीच पद्धत चालते. चकती खाली सोडत जायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. डोंग्यात सोसायटीचा एक पोहणारा माणूस आणि दोनच पोरं, कमरेला दोर, बाकी सगळे काठावर. ही शिस्त एकदाही मोडू दिली नाही, सरांचं म्हणणं की एक अपघात झाला की तलाव शाळेसाठी कायमचा बंद, आणि ते बरोबरच आहे. पायाला जखम असलेलं पोरगं पाण्यात नाही, वीज-ढग दिसले की वर्ग संपला, आणि परत आल्यावर साबणानं हातपाय.

ट्रेमधलं पाणी हा सगळ्यात मोठा शिक्षक. गाळणी वनस्पतींच्या मुळातून फिरवून ट्रेमध्ये झटकायची आणि दोन मिनिटं काहीच न बोलता पाहायचं. आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू सगळं हलायला लागतं. चतुराची आणि टाचणीची (टाचणी म्हणजे चतुरासारखाच पण बारीक किडा) पिल्लं, जी आयुष्याचा मोठा भाग पाण्यात काढतात आणि डासांच्या अळ्या खातात, हे पोरांना माहीतच नव्हतं की हवेत उडणारा चतुर आधी पाण्यात असतो. गोगलगायी, पाणविंचू, उलटा पोहणारा किडा, बारीक झिंगे. आणि जिथे मोहल्ल्याचं सांडपाणी तलावात येतं त्या तोंडाशी ट्रेमध्ये जवळपास फक्त लाल बारीक अळ्या. ह्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या लाल, आणि म्हणूनच कमी ऑक्सिजनच्या चिखलात तग धरतात. एका पोरीनं विचारलं, मग ज्या जागी फक्त ह्याच आहेत तिथे हवा कमी हे आपल्याला किटशिवायच कळलं ना? मला वाटतं विज्ञान शिकवण्यात ह्यापेक्षा मोठं काही नसतं.

किटही आणली नंतर, विरघळलेला ऑक्सिजन मोजायची. झाडोरा दाट असलेल्या जागी पहाटे आणि दुपारी असे दोन वेळा मोजलं तर पहाटे कमी आणि दुपारी जास्त. कारण वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात पण रात्री श्वास तर सगळेच घेतात. सोसायटीचे काका हे ऐकून म्हणाले म्हणूनच उन्हाळ्यात मासे पहाटेच वर येऊन तोंड काढतात, ढगाळ दिवस लागून राहिले की जास्तच. त्यांना घटना माहीत होती, पोरांना कारण सापडलं, दोन्ही एकाच वहीत लिहिलं गेलं.

कमळाच्या पानाचा देठ कापून एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकायचं, बुडबुडे येतात. देठात हवेच्या नळ्या असतात, चिखलातल्या कांद्याला त्याच हवा पुरवतात. हे कांदे म्हणजे आमच्या बाजारात विकायला येणारे ढेस. भाजी सगळ्यांनी खाल्लेली, पण कांदा आडवा कापल्यावर दिसणारी भोकं कशासाठी हे त्या दिवशी समजलं.

आणि बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं, कुंपणाला लावलेलं हे झुडूप विदर्भातल्या तलावांच्या काठांवर पसरून बसलंय. गुरं खात नाहीत, जनावरांना विषारीच आहे, आणि कापून काठावर टाकलेल्या प्रत्येक तुकड्याला मुळं फुटतात. पोरांनी चार तुकडे ओल्या मातीत खोचून शाळेच्या खिडकीत ठेवले आणि फुटवे आलेले गावाला दाखवले, कारण रोजगार हमीत बेशरम कापून तिथेच ढीग घालायची पद्धत होती. आता काढतात ते मुळासकट, वाळवून मग जाळतात.

तीन रेषांचा नकाशा

ह्या सगळ्यात जे काम पुढे कामी आलं ते दिसायला सगळ्यात साधं होतं. पोरांनी तलावाचा नकाशा काढला, भादव्यात पाणी जिथवर असतं ती रेषा निळी, संक्रांतीच्या आसपासची हिरवी, आणि एप्रिलमधली लाल. खुंट्या ठोकल्या, दोरीनं मोजलं, मोठ्या कागदावर उतरवलं. मग ढिवर बायांना बसवून निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात विचारत गेले, इथे काय मिळते, तिथे काय. झिंगे कुठे, शिंगाडा कुठे लावता, कमळ कुठपर्यंत, देवधान कुठे उगवते. देवधान म्हणजे रानातला धान, आपोआप उगवणारा, पूर्वी ढिवर घरांमध्ये हा गोळा करून उपासाला खात. कांस्यपंखी कमळपक्षी कुठे अंडी घालतो ते पोरांनी स्वतः भरलं. ह्या पक्ष्यात अंडी नर उबवतो आणि पिल्लांना पंखाखाली दाबून उचलून नेतो, मुलींना ही गोष्ट जाम आवडली आणि प्रत्येक आईला घरी जाऊन सांगितली गेली.

नकाशावर जे दिसलं ते कोणालाच आधी असं दिसलं नव्हतं: तलावातलं जवळजवळ सगळं जगणं त्या मधल्या पट्ट्यात होतं. मधलं खोल पाणी बहुतेक कोरं.

मशीन आली तेव्हा

त्याच उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं काम मंजूर झालं. गावात आनंदच, आणि का नसावा, गाळ साचून तलावाची साठवण कमी झालेली, धानाला शेवटचं पाणी पुरत नाही, आणि गाळ शेतात टाकला की जमीन सुधारते. विरोध करायचं कारणच नव्हतं. पण मंजूर अंदाजपत्रकात तळ सगळीकडे सारखाच धरला होता आणि काठापासून खोदायला सुरुवात करायची होती, कारण ट्रॅक्टर-ट्रॉली तिथपर्यंत सोपी जाते. तसं झालं असतं तर उताराचा काठ जाऊन उभी कड तयार झाली असती, पोखरीसारखी.

सरांनी भाषण नाही केलं. ग्रामसभेत पोरांनी नकाशा सतरंजीवर अंथरला आणि आजीला पुढे बसवलं. सातवीतल्या एका पोरीनं लाल आणि निळी रेषा समजावली. लगेच एका शेतकरी काकांनी विचारलं आणि प्रश्न अगदी रास्त होता, "काठ ठेवला तं पानी किती वाढन आमचं? आमाले धान पिकवाचा हाय." उत्तर त्यांना पोरांकडून आलं नाही, ते कामावरच्या इंजिनिअर साहेबांकडून आलं, की उथळ काठावर पाणी साठतंच किती, पसरलेलं पाणी उन्हानं जास्त उडतं, साठवण वाढवायची तर मधला भाग खोल करा, आणि पाळीच्या अगदी पायथ्याला तर खोदूच नये, पाळ कमजोर होते. म्हणजे शेतकऱ्याला पाहिजे ते पाणी मधून मिळत होतं आणि ढिवरांना पाहिजे तो काठ काठावर राहत होता. दोघांचं भांडण आहे असं पन्नास वर्षं सगळे धरून चालले होते, ह्या एका बाबतीत तरी ते नव्हतं.

ठराव झाला: खोदकाम लाल रेषेच्या आत, पाळीपासून अंतर सोडून, आणि कमळाचे कांदे असलेला वरचा थर वेगळा काढून परत काठावर पसरायचा. मला ग्रामसभेतल्या ठरावांचा अनुभव आहे, पण पोरांनी रंगवलेली रेषा ठरावाच्या भाषेत लिहिली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पूर्ण पाळला गेला का, तर नाही. उत्तरेचा एक कोपरा दोन दिवसांत उभा कापला गेला, ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि रात्री तिथे पाहायला कोणी नव्हतं. सकाळी पोरं गेली तेव्हा कड तयार. पोरं चिडली, काही रडली. सोसायटीनं आणि ग्रामपंचायतीनं मिळून पुढच्या दिवसापासून एक माणूस कामावर उभा केला आणि बाकीचा काठ वाचला.

एकाच तलावाचे दोन कोपरे

सरांनी मग जे केलं ते मला ह्या प्रकरणातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. त्यांनी कापलेला कोपरा आणि वाचलेला दक्षिण कोपरा हे दोन्ही पोरांना अभ्यासाला दिले. तोच तलाव, तोच पाऊस, फरक फक्त काठाचा. दर महिन्याला त्याच तारखेला, तेवढ्याच वेळा गाळणी फिरवायची, दोन ट्रे शेजारी ठेवायचे. पावसाळा संपेपर्यंत दक्षिणेच्या ट्रेमध्ये टाचणीची पिल्लं, झिंगे, गोगलगायी, बारीक मासे. उत्तरेच्या ट्रेमध्ये पाणीच पाणी. उत्तरेला चकतीही लवकर दिसेनाशी व्हायची कारण कडेची माती प्रत्येक पावसात ढासळून पाणी गढूळ करत होती, धरायला मुळंच नव्हती. तिथे सगळ्यात आधी उगवलं काय, तर बेशरम. उघड्या चोचीचे करकोचे, ज्यांचं मुख्य खाणं गोगलगायी, ते सगळे दक्षिणेला चरायचे. हे गावातल्या कोणालाही पाळीवर उभं राहून दिसत होतं, त्याला दुर्बीणही लागत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात बायांच्या गटानं उत्तरेचा कोपरा दुरुस्त करायला घेतला. जिल्ह्यात ढिवर समाजातल्या बायांचे गट तलाव नांगरून देशी पाणवनस्पती लावायचं काम आधीपासून करत आहेत, त्यांच्याकडूनच पद्धत घेतली. कड फावड्यानं उतरती केली, माती मोकळी केली, पहिला पाऊस पडल्यावर दक्षिणेच्या काठावरून वनस्पती आणून मुळाभोवती चिखलाचा गोळा करून लावल्या. पोरं ओळीनं चिखल द्यायला होती. पहिली लावण म्हशींनी तुडवून टाकली, आणि काही वनस्पती ग्रास कार्पनं साफ केल्या, हा मासा ठेकेदारीत वजन पटकन वाढतं म्हणून सोडलेला, आणि त्याचं खाणंच मुळी पाण्यातला झाडोरा. सोसायटीनं पुढच्या बीजात ग्रास कार्प घ्यायचं बंद केलं. म्हशींसाठी एक घाट ठरवून दिला, गुराख्यांना विचारूनच, नाही तर कोणी पाळला नसता.

शिक्षणाच्या बाजूनं पाहिलं तर

मूल्यमापन कसं केलं असं मला आमच्या केंद्राच्या बैठकीत विचारलं जातं. प्रश्नपत्रिका होतीच, पण खरं मूल्यमापन एका साध्या कामानं झालं: प्रत्येक पोरानं घरातल्या एका मोठ्या माणसाला तलावावर नेऊन ट्रेमधलं काहीतरी दाखवायचं आणि त्या माणसाला त्याबद्दल जे आधीपासून माहीत आहे ते लिहून आणायचं. शेतकऱ्यांच्या घरातल्या पोरांनी तुडूम, म्हणजे तलावातून शेताला पाणी सोडायची मोरी, कधी उघडतात, बांधीत मासे कसे चढतात हे आणलं, ढिवरांच्या पोरांनी माशांची नावं आणली, आणि पहिल्यांदाच ती वर्गात पुढे बसून बाकीच्यांना सांगत होती. ह्या वह्या पुढे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीनं लोक जैवविविधता नोंदवहीला जोडल्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अशी नोंदवही प्रत्येक स्थानिक संस्थेनं करायची असते, ह्या गावचीही होती, पण त्यात झिंग्यांचा उल्लेख नव्हता आणि देवधानाचाही नाही.

ज्यांना आपल्या शाळेत हे करायचंय त्यांना मी एवढंच सांगेन की दुर्बिणीच्या आधी गाळणी घ्या आणि बाहेरच्या तज्ज्ञाच्या आधी गावातली झिंगे पकडणारी बाई बोलवा, तिला मानधन द्या, चहापाण्यावर भागवू नका, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. इथे ते मानधन सुरुवातीला सरांनी आणि मग शाळा व्यवस्थापन समितीनं दिलं.

सुटलेलं सगळंच नाही. बुडीत भागात दोघंतिघं अजून उन्हाळी पीक घेतात आणि त्यांच्या खताचं-फवारणीचं पाणी सरळ काठावर येतं, त्यांना हात लावायची ग्रामपंचायतीची तयारी नाही. सांडपाण्याचं तोंड तसंच आहे, शोषखड्ड्यांची मागणी दिलेली आहे. आणि सगळ्यात मोठा प्रश्न तुडूम किती दिवस उघडं ठेवायचं हा, धान भरायच्या वेळी शेतकऱ्यांना पाणी पाहिजे आणि सोसायटीला मासे जगण्यापुरतं पाणी उरायला पाहिजे. ह्यावर्षी पोरांनी तुडुमाजवळच्या दगडावर इंचांच्या खुणा रंगवल्या आहेत आणि रोज सकाळी परिपाठाआधी दोघं जाऊन पाणी किती उतरलं ते फळ्यावर लिहितात, शाळेच्या आत नाही, ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तुडुमाचा विषय अजेंड्यावर घेतलाय आणि तो फळा वाचून दाखवायचं काम सहावीच्या वर्गाकडे आहे.